मदत हवी आहे : लेकीचं हिमोग्लोबिन ९.४, अळीव ती तोंडात घेत नाही

मैत्रिणींनो, माझी लेक १३ वर्षांची. पाळी सुरू होऊन आठ महिने झाले, अंगावरून खूप जातं. जिना चढताना धाप लागायला लागली, म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक! रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४. या वयात १२ तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या चालूच आहेत. लिंबू सरबताबरोबर देते आणि त्या वेळेला चहा-दूध बंद. पण गोळीने तिला मळमळतं, पोट साफ होत नाही. गोळी जेवणानंतर दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारणारच आहे.

अडलंय ते खाण्यात. नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं-गूळ घालून आईच्या पद्धतीने अळिवाचे लाडू केले. एक घास घेतला आणि "बुळबुळीत आहे" म्हणून ताटलीत काढून ठेवला. मला रडूच आलं.

अळीव भाजून, कुटून लाडवात घातले तर चिकटपणा जातो का? नाचणी, राजगिरा, चवळीची पालेभाजी यांचं डब्यात नेण्यासारखं काय करता? आणि लोखंडी कढईत आमटी केली तर काळी पडते, तुम्ही काय करता? प्लीज सांगा.