मदत हवी आहे: बोर्डगेमच्या रविवारी 'येतो' म्हणणारे येतच नाहीत

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत आम्ही तिघं मित्र महिन्यातून एका रविवारी बोर्डगेम जमवतो. एका ओळखीच्यांचा हॉल, चार सतरंज्या, दोन कॅरम, आणि कतान व कार्कासोन हे दोन बोर्डगेम. एन्ट्री ५० रुपये, त्यात चहा.

ग्रुपवर वीस जण 'येतो' म्हणून अंगठ्याचा इमोजी टाकतात, येतात सात. आता कतानच्या मूळ डब्यात खेळणारे तीन किंवा चारच. चौघं बसले की उरलेले तिघं कॅरमकडे, आणि ते परत बोर्डगेमकडे फिरकतच नाहीत! गेल्या वेळी खानापूरची दोन पोरं नियम समजेपर्यंत बसली आणि शेवटची बस चुकेल म्हणून अर्ध्यातून उठली. वाईट वाटलं. कार्कासोन पाच जणांना चालतो, लवकर आटोपतो, म्हणून पहिल्यांदा आलेल्यांना आता तोच देणार आहे.

नियम मराठी-कन्नड मिसळून सांगतो, ते जमतं. कतानमध्ये फाशांवर सात आले की ज्यांच्याकडे जास्त पत्ते त्यांना अर्धे टाकावे लागतात; ते 'सात पडले, पत्ते टाका' कुठल्याही भाषेत रडवतंच.

विचारायचं असं, आगाऊ पैसे घेतले तर लोक येतात का, की तेवढेही तुटतात? सहा-सात जणांना एकदम खेळता येईल असा, अर्ध्या तासात संपणारा खेळ कुठला? निपाणीत एखाद्या चहाच्या हॉटेलात दुपारी दोन टेबलं मागायची तर मालकाला काय सांगून पटवता? आणि हो, पावसाळ्यात पत्ते दमट होऊन चिकटतात. कॅरमची पावडर लावून बघितली, पांढरे हात सगळीकडे. दुसरा उपाय आहे का?