पेगन म्हणवून घेणारे नेमकं काय करतात? (अनुभव धागा)

रानजाई
साउइनच्या रात्री (३१ ऑक्टोबर) ब्रिटनमधले बरेच पेगन (ख्रिस्ती धर्माआधीच्या देवांना, निसर्गाला मानणारे) गेलेल्या माणसांसाठी एक ताट जास्तीचं वाढतात, न बोलता जेवतात. त्याचे फोटो आज दिसले आणि सर्वपित्रीचं पान आठवलं, म्हणून धागा काढतेय. 'निसर्ग मानतात' याच्या पुढचं लिहा. विका, ड्रुइड, आसात्रू या पेगन पंथांपैकी जे जवळून माहीत असेल त्यातली कृती हवी.

कोयंडा
विका. विधीसाठी आखायचं वर्तुळ परंपरेने नऊ फूट व्यासाचं, म्हणजे साडेचार फुटी दोरी मधोमध धरून फिरवायची. जागा झाडायची, मिठाचं पाणी शिंपडायचं, धूप फिरवायचा. मग आवाहन: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. शेवटी केक-वाइन आणि दिशांना निरोप. नवखे नेमकं निरोपाला चुकतात. उत्तरपूजेशिवाय गणपती हलवत नाही ना आपण, तसंच ते.
अथमी म्हणजे काळ्या मुठीचा सुरा, त्याने काही कापत नाहीत. ब्रिटनमध्ये तो सबळ कारणाशिवाय रस्त्यावर बाळगणं गुन्हा आहे. बाहेर काठी न्या.

टिटवी
ऑस्ट्रेलियात वरचं जसंच्या तसं करू नका!! इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून पुष्कळ जण अग्नी उत्तरेला घेतात, पृथ्वी दक्षिणेला, आणि वर्तुळात घड्याळाच्या उलट फिरतात. युल (हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सण) जूनमध्ये, साउइन एप्रिलअखेर. डिसेंबरात शेकोटीचा विचारही नको, उन्हाळा असतो, फायर बॅनच्या (जाळबंदीच्या) दिवशी उघड्यावर जाळ म्हणजे गुन्हा.

ओहोळ
आसात्रूबद्दल (जुन्या नॉर्स देवांचा पंथ): आइसलँडमध्ये त्यांची संस्था १९७२ ची, सरकारी मान्यता १९७३ ची. पहिले प्रमुख स्वेनब्यॉर्न बेन्टेन्सन, शेतकरी आणि कवी. संस्थेच्या ब्लोटमध्ये (देवांना अर्पण करायच्या विधीत) बळी देत नाहीत. मीडने भरलेलं शिंग हातोहात फिरतं, ज्याच्याकडे येईल तो देवांच्या किंवा पूर्वजांच्या नावाने बोलतो, घोट घेतो, थोडं जमिनीवर ओततो.

चिंचोका
मीड म्हणजे मधाची दारू का? पुण्यात मिळते आता. घरी जमेल?

ओहोळ
हो, तीच. मध, पाणी, यीस्ट. आंबणं थांबायच्या आत बाटलीचं बूच घट्ट लावलं तर वायूने बाटली फुटते. पण महाराष्ट्रात विनापरवाना करता येत नाही, तेव्हा विधीला सफरचंदाचा रस घ्या, चालतो.

पाणकोंबडी
पोळी तव्यावर आहे, पटकन लिहिते. स्कॉटलंडमध्ये मनलॉकीजवळच्या विहिरीपाशी झाडांना चिंध्या बांधतात. चिंधी कुजेल तसं दुखणं कमी होतं ही समजूत. लोक नायलॉनच्या फिती बांधतात, त्या कुजत नाहीत आणि फांदी जाड झाली की सालीत रुततात. सुती किंवा लोकरीची, न रंगवलेली, सैल गाठ. झाड पूज्य म्हणायचं आणि त्याचाच गळा आवळायचा, याचा मला फार राग येतो.

चिंचोका
मग आपण हिंदूही पेगनच की?

कोयंडा
कोणी तसं मानतं, पण पेगन हे बाहेरच्याने लावायचं नाव नाही. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० जणांनी पेगन लिहिलं, १३,००० जणांनी विकन. छापील चौकट हिंदूला आहे, पेगनला नाही. 'इतर धर्म' मध्ये हाताने लिहावं लागतं. नुसतं विकन लिहिलं की वेगळं मोजलं जातं, म्हणून २०११ ला 'आधी पेगन, मग रेघ, मग पंथ' असं लिहायचं आवाहन झालं होतं.

रानजाई
साउइन, युल धरून पेगनांचे वर्षाचे आठ सण, ते किती जुने आहेत?

ओहोळ
सुटे सण जुने, आठांचं चक्र विसाव्या शतकातलं. मेबन (शरद ऋतूत दिवस-रात्र समान होतात तेव्हाचा सण) हे नाव तर १९७० च्या दशकात एडन केली यांनी दिलं. 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नवं आहे म्हणून खोटं होत नाही.

पाणकोंबडी
शिंग धुवायचं कसं? माझ्या जावेने मागवलंय.

ओहोळ
कोमट पाणी, डिशवॉशर अजिबात नाही. उष्णतेने शिंग वाकडं होतं. तोंड खाली करून वाळवा. कॉफीसुद्धा ओतू नका त्यात.