अनुभव धागा: वॉर्ड एकच, काळजीही एकच का?

परवा हँडओव्हर देताना नवीन मुलगी म्हणाली, "सिस्टर, आपण तर सगळ्या पेशंटना सारखंच बघतो." मी मान डोलावली, पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. चौदा वर्षांत माझ्या हातून निसटलेला सगळ्यात वाईट बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) या सारखं बघण्यामुळेच निसटला होता.

आम्हाला शिकवलेलं असं: माकडहाडावर, टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती गेली नाही, की बेडसोअरची सुरुवात झाली समजा. त्या आजींचा रंग चांगला गडद होता. लाली दिसणार कुठून? तीन दिवस मी 'त्वचा ठीक' लिहिलं, चौथ्या दिवशी कातडी सोलली. मोठ्या सिस्टर मला ओरडल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी जखमेच्या कडेला ठेवला. गरम लागतंय ना? बाजूच्या कातडीपेक्षा कडक? आजींना इथे दुखतं का, विचारलंस कधी? नव्हतं विचारलं.

तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा. नर्स, पेशंट, नातेवाईक, कोणीही. फक्त दवाखान्यांची आणि माणसांची नावं नकोत.

अतिदक्षता
त्वचेचा विषय निघालाच आहे म्हणून. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के दाखवत होता आणि माणसाला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. डॉक्टरांना दोनदा फोन केला, दोनदा उत्तर आलं, "आकडा चांगला आहे की." तिसऱ्यांदा हट्टाने धमनीतलं रक्त तपासायला लावलं. ८६ निघालं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून ते अंदाज बांधतं आणि गडद त्वचेत तो अंदाज कधीकधी वर जातो. अमेरिकेतला २०२० चा एक अभ्यास आहे: ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांत आढळलं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. तेव्हापासून मी आधी माणसाकडे बघते, मग आकड्याकडे. ओठांच्या आतली बाजू, नखं, श्वास घेताना खांदे उचलतायत का.

पेशंटच्या खुर्चीतून
माझा जबडा दुखत होता, मळमळत होतं, दरदरून घाम. छातीत कळ म्हणाल तर नव्हती. "घाबरल्यात, जरा पडू द्या." शेजारच्या कॉटवरचे काका छाती धरून आले, त्यांचा ईसीजी पाच मिनिटांत. माझा दोन तासांनी, तोही ड्यूटी बदलल्यावर आलेल्या सिस्टरने स्वतःहून काढला म्हणून. अटॅकच होता.

दुभाषी
बाईंना आमची भाषा येत नव्हती, नऊ वर्षांच्या मुलीला येत होती. घाईत आम्ही तिलाच मध्ये घातलं. गाठ कर्करोगाची आहे, ऑपरेशन करावं लागेल, सगळं तिच्या तोंडून. पोर शहाण्यासारखी मान हलवत आईशी बोलत होती. सहीच्या वेळी फोनवर मोठा दुभाषी मिळाला तेव्हा कळलं, तिने आईला एवढंच सांगितलं होतं: डॉक्टर म्हणतात तू बरी होशील.
मी अजून त्या मुलीला विसरले नाहीये.

रात्रपाळी
सगळं पटतं. पण मला सांगा, रात्री अठ्ठावीस बेड आणि मी एकटी, तर हात लावून बघू कुणाकुणाला? ज्याचा नातेवाईक दारात येऊन आवाज चढवतो त्याची सलाइन आधी बदलली जाते, हे मी कबूल करते. ज्याचं कुणी नाही तो वाट बघतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचा २००२ चा अभ्यास सांगतो की एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. आणि आम्ही? बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून पाणीच पीत नाही. वर्षात दोनदा लघवीचा संसर्ग, कंबर तर कधीच गेली. त्यावर उपाय म्हणून आमच्यासाठी ताणमुक्ती शिबिर ठेवलं. कधी? नाईट संपल्यावर, सकाळी नऊला.

धागाकर्ती
रात्रपाळी, तुमचं खरं आहे. उगाच मखलाशी करत नाही. शिबिरावर मात्र हसले, माफ करा.

लेक
माझ्या आईला वाचता येत नव्हतं. तिने ते कधीच कुणाला सांगितलं नाही. कागद पुढे आला की म्हणायची, "चष्मा घरी राहिला." प्रत्येक दवाखान्यात हेच, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या हातात दोन पानी सूचना देऊन सोडायचे. साखरेच्या गोळ्या उलटसुलट घेऊन दोनदा ॲडमिट झाली, फाइलवर शेरा पडला: रुग्ण सूचना पाळत नाही. शेवटच्या वेळी एका सिस्टरने चष्म्याबद्दल काहीच विचारलं नाही. पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढले आणि म्हणाली, "मावशी, मी नीट सांगितलं का ते बघायचंय, आता तुम्ही मला समजवा." आईने न चुकता सगळं सांगितलं. चंद्राची पाकिटं अजून माझ्या कपाटात आहेत.