टॅमसुलोसिन आणि डोळे
टॅमसुलोसिन ही प्रोस्टेट वाढल्यावर लघवीच्या त्रासासाठी दिली जाणारी गोळी. ती थेट प्रोस्टेटवरच लागू पडते, बाकी शरीराला तिचा पत्ताही लागत नाही, असं म्हणणारे भेटतात. ते अर्धंच खरं. याच गटातली टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही रक्तदाबासाठीही दिली जाणारी औषधं. ती अल्फा-१ रिसेप्टरचे (स्नायूला आवळायला सांगणारा संदेश पेशीवर जिथे पोचतो त्या जागांचे) सगळे प्रकार सरसकट अडवतात, म्हणून उठताना चक्कर जास्त. टॅमसुलोसिनचा ओढा त्यातल्या १ए आणि १डी या प्रकारांकडे, याच गटातल्या सिलोडोसिनचा तर १ए कडेच (वीर्य बाहेर न येण्याची तक्रारही तिचीच जास्त). पण ही निवड रिसेप्टरची, अवयवाची नव्हे. १ए प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी भरपूर असतात, तसे डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही असतात.

हे मला कळलं ते फोंड्याला सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी. चवथीआधी उरकायचं होतं. गोळ्या विचारल्यावर त्यांनी बीपी आणि साखर एवढंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं, "आजोबा, लघवीसाठी काय?" तेव्हा सुनेसमोर संकोचत खिशातली स्ट्रिप निघाली. ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडून फडफडतो आणि बाहुली आकसते, हा प्रकार २००५ साली टॅमसुलोसिनशी जोडला गेला. गोळी आधी बंद केली तरी धोका जातोच असं नाही, त्यामुळे आपल्या मनाने थांबवू नका. सर्जनला आधी माहीत असेल तर तो बाहुली ताणून धरणारे हुक किंवा रिंग तयार ठेवतो. पूर्वी घेत होता आणि आता सोडलीय, तरी सांगा.