बिलांच्या सॉफ्टवेअरची नोंदणी करताना कोणती माहिती द्यावी आणि कोणती टाळावी?

प्रश्न – बागायतदार_देवगड

सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची लहानशी बाग असून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना आम्ही पेट्या थेट पाठवतो. यंदा बिले आणि येणे-देणे संगणकावर ठेवावे म्हणून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले, पण पहिले बिल करू देण्याआधीच ते नाव, जन्मतारीख, मोबाइल, घरचा पत्ता, पॅन, जीएसटी क्रमांक आणि वार्षिक उलाढाल विचारते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका अर्जात मी सर्व रकाने इमानेइतबारे भरले होते. त्यानंतर ऐन तोडणीत, हातात झेला असताना, कर्ज हवे का असे विचारणारे फोन येऊ लागले. ते त्या अर्जामुळेच आले हे मला सिद्ध करता येणार नाही, पण मी लिहिलेली उलाढाल त्यांतल्या एकाला ठाऊक होती. यांतले खरोखर आवश्यक काय आहे?

उत्तर – हिशेबनीस_रत्नागिरी

आपण केवळ स्वतःच्या बागेतला आंबा विकत असाल, तर आपल्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे तो रकाना मोकळाच राहू द्यावा. ज्यांच्याकडे क्रमांक आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्या १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, आपल्याकडे २७, आणि पुढची दहा म्हणजे जसाच्या तसा पॅन. त्यामुळे जीएसटी क्रमांक देऊन पॅन राखला असे मानण्यात अर्थ नाही. राज्य मात्र विचारले तर सांगावे, कारण सॉफ्टवेअर विकत घेताना १८ टक्के कर केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा लावायचा की एकत्रित, हे त्यावरून ठरते. जन्मतारखेचा आणि उलाढालीचा बिलाशी काडीचा संबंध नाही.

उत्तर – खाडीकाठ

मी तर शेजाऱ्याचा मोबाइल आणि १ जानेवारी ही जन्मतारीख ठोकून देतो. आजवर कोणी जाब विचारलेला नाही.

उत्तर – संगणक_दुरुस्ती_कुडाळ

खाडीकाठ यांच्या सल्ल्यातला मोबाइलचा भाग कृपया कोणी अनुसरू नये. ओटीपी ज्या क्रमांकावर जातो तोच पुढे खात्याची किल्ली होतो, आणि पावसाळ्यात वीज पडून संगणक जळाला की परवाना नव्या यंत्रावर नेण्यासाठी तोच क्रमांक लागतो. माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाने जुने, बंद पडलेले सिम नोंदवले होते. त्याचे पैसे भरलेले सॉफ्टवेअर त्याच्याच हाती लागेना. मोबाइल आणि नाव खरे द्यावे, मात्र ईमेल वेगळा ठेवावा. जीमेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या आधी अधिकचे चिन्ह आणि ‘बिल’सारखा शब्द जोडला तरी पत्र आपल्याच खात्यात येते, आणि त्या पत्त्यावर भलत्याच कोणाची जाहिरात आली तर पत्ता कुठून फुटला हे समजते. काही अर्ज ते चिन्ह स्वीकारत नाहीत. तेव्हा निराळे खाते उघडावे.

कायद्याबद्दलही थोडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित असते. त्यात उदाहरणच दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि माणसाने हो म्हटले, तरी ती संमती सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा तूर्त आपणच हात आखडता घेतलेला बरा.

बागायतदार_देवगड

आभारी आहे. तारांकित रकाने तीनच निघाले: नाव, मोबाइल आणि राज्य. बाकीचे मोकळे सोडूनही अर्ज पुढे सरकला. ‘आमच्या सहयोगी संस्थांकडून उपयुक्त माहिती मिळावी’ या ओळीपुढे मात्र आधीच खूण केलेली होती. ती काढली आणि पहिले बिल केले.