लंडनला जाताना पौंड न्यायचे की नुसतं कार्ड?

पेठेतला_पोरगा:
आईबाबा ताईकडे लंडनला निघालेत. बाबांचा हट्ट, पाचशे पौंड रोख हवेतच. कशाला? तिथल्या बसमध्ये २०१४ पासून रोख चालतच नाही. कार्ड टेकवा, बसा. तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे पडत नाहीत, आणि दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर भाडं कापलं जात नाही. आता नोटा कोण सांभाळत बसतं?

हिशेबी_काकू:
अरे, बँक फुकट टेकवू देते होय? बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनात खर्च केला की बँक लावते तो जादा आकार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वीस हजारांच्या खरेदीमागे ८२६ रुपये गेले.

ठाणे_ते_थेम्स:
काकू, मनी चेंजर काय धर्मादाय करतो का? घेताना एक भाव, उरलेले परत देताना दुसरा, आणि नाणी तर बहुतेक कुणी घेतच नाही. फॉरेक्स कार्डात आधीच पौंड भरले तर मार्कअपही वाचतो. आणि दुकानातल्या मशीनने रुपये की पौंड विचारलं, तर डोळे झाकून पौंड. कपाटातल्या कागदी वीस-पन्नास पौंडांच्या नोटा नेऊ नका. ३० सप्टेंबर २०२२ नंतर त्या दुकानात चालत नाहीत.

म्युनिकवासी:
लंडनवरून अख्खा युरोप ठरवू नका हं. आमच्याकडे बेकरीच्या दारावर अजून ‘फक्त रोख’ची पाटी दिसते.

पेठेतला_पोरगा:
ते जर्मनीला जात नाहीयेत हो!

ठाणे_ते_थेम्स:
खरी मेख वेगळीच आहे. प्रवासात दोघांत एक कार्ड चालत नाही, माणशी एक लागतं. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, शिरताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलं, तर दोन अर्धवट प्रवास धरतात आणि दोन्हींवर कमाल भाडं लावतात. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी! शिवाय २०२० च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडची नवी कार्डं परदेशी वापर आणि टॅप बंद ठेवूनच येतात. ते निघण्याआधी चालू करा. नाहीतर तिथे पोचल्यावर ओटीपीची वाट बघत बसाल.

हिशेबी_काकू:
माणशी एक म्हणतोस, पण आईचं स्वतःचं कार्ड आहे का? आमच्या वयाच्या कित्येकींचं नसतं. असलं तरी पिन यांनाच पाठ. पर्समध्ये चार नोटा असल्या की नातवाला आइस्क्रीम द्यायला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. तुमच्या कॅशलेसमध्ये बाई पुन्हा नवऱ्यामागे रांगेत.

पेठेतला_पोरगा:
आईचं कार्ड नाहीये. पण त्यासाठी पाचशे पौंड?

ठाणे_ते_थेम्स:
काकूंचा मुद्दा मान्य. आईंना ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनमधल्या प्रवासाचं आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, घेऊन द्या. बसमध्ये चालतं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रोख देऊन भरता येतं.

हिशेबी_काकू:
रोख देऊन ना? मग पौंड घ्या म्हणावं बाबांना. आणि निम्मे आईच्या पर्समध्ये ठेवा.