जुनी काइट हॉलंडात, घेणारा परभणीत

प्रेषक: परभणीकर

नमस्कार मंडळी,

हॉलंड सोडून परभणीला परत आलो त्याला तीन वर्षं झाली, तरी आपल्या काइटसर्फिंगच्या या मेल-लिस्टवरून नाव काढलेलं नाही. आज एका अडचणीसाठी लिहायलोय.

तिथल्या समुद्रकाठी, ब्राउवर्सडॅमजवळ, एक गृहस्थ १२ मीटरची (म्हणजे चौरस मीटर) काइट, लाइन्स म्हणजे दोऱ्या बांधलेली हातात धरायची दांडी म्हणजे बार, आणि पाण्यावर उभं राहायचा बोर्ड असा सगळा सेट विकतायत. वर्णन एवढंच: ‘दोन सीझन वापरलेली, उत्तम स्थितीत.’ माझा भाचा डेल्फ्टला शिकतो. मेअखेर तो घरी येतोय, सामान आणायला तयार आहे. जुलैत मला रामेश्वरमला काइट उडवायला जायचंय. विकणारे म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, शुक्रवारपर्यंत पूर्ण पैसे पाठवा.

धास्ती वाटते, कारण मागच्या वर्षी एकदा फसलोय. अशीच दुरून ९ मीटरची काइट घेतली होती. इथं अंगणात फुगवली, शेजारची पोरं बघायला जमली. अर्ध्या तासात पुढची जाड नळी, म्हणजे लीडिंग एज, मऊ पडली. चेन उघडून आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, काढला तर व्हॉल्व्हचा बुडखा गोंदातून सुटलेला. कापडावर त्याच रंगाची पट्टी चिकटवून वीतभर फाट झाकलेली. विकणाऱ्याला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, “दात बघितले नव्हते का?” त्यांनी आयुष्यभर देवणी बैल घेतले ते माळेगावच्या यात्रेतून, तोंड उघडून, चालवून, जुंपून बघून. मी फोटोवर घेतली होती.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण हीच काइट खोल पाण्यात मऊ पडली असती तर? म्हणून विचारतो, या माणसाला नेमकं काय विचारू?

---

प्रेषक: अंबाजोगाईची ताई, रॉटरडॅम

दादा,

‘कशी आहे?’ असं विचारूच नका. त्याला ‘मस्त आहे’ एवढंच उत्तर येतं, आणि बहुतेकदा सांगणारा खोटंही बोलत नसतो. त्याला करून दाखवायला सांगा.

पहिलं म्हणजे काइट संध्याकाळी कडक फुगवायची, लीडिंग एज आणि प्रत्येक आडवी नळी, आणि मधले क्लिप बंद करायचे. तसं केलं की प्रत्येक नळीची हवा वेगळी राहते आणि कुठली गळते ते कळतं. रात्रभर घरात ठेवायची. सकाळी प्रत्येक नळी बोटानं दाबतानाचा व्हिडिओ मागायचा. तासाभरात बहुतेक काइट चांगल्या दिसतात. रात्र काढली पाहिजे. एक नळी मऊ झाली तर बारीक भोक असेल, ते साबणाच्या पाण्यानं सापडतं आणि बुजवता येतं. व्हॉल्व्ह सुटत असतील तर मात्र एक चिकटवला की दुसरा सुटतो, कारण गोंदच म्हातारा झालेला असतो. काइट उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहायची का, हेही विचारा. उष्णतेनं गोंद जातो. तुमच्याकडं आल्यावर पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, परभणीचा मे तिला सोसायचा नाही.

दुसरं कापड. फोनजवळ धरून चुरगाळायला सांगा. नवं कापड कागदासारखं करकरतं, उन्हानं थकलेलं धुवून विरलेल्या धोतरासारखं गप्प असतं. मग सूर्याकडं धरून आतल्या बाजूनं हळूहळू शूटिंग. पट्ट्या, शिवणीजवळची भोकं, सगळं उजेडात दिसतं. दुरुस्ती झालेली असणं हा दोष नाही. शिडं शिवणाऱ्या कारागिरानं नीट शिवलेली फाट वर्षानुवर्षं टिकते. लपवलेली असेल तर तिथंच बोलणं थांबवा. मागची कडा झिरमिळली असेल तर ती वाऱ्यात पुष्कळ फडफडलेली आहे, मग दोन सीझन कसले.

वय सांगितलेलं मानू नका. कंपन्या एकच नाव दरवर्षी चालवतात, रंग बदलतात. कापडावरचं साल आणि सिरीयल नंबर यांचा जवळून फोटो मागवा आणि त्या सालच्या कॅटलॉगशी रंग ताडून पाहा.

आता बार. याबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच असते. चारही लाइन्सची टोकं एका हुकाला अडकवून बार सरळ ओढायला सांगा. पुढच्या लाइन्सवर सगळा भार असतो, त्या वापरानं ताणून लांब होतात. मग मागच्या तुलनेनं आखूड पडतात आणि काइट मागं झुकून वाऱ्यात खाली बसते. नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. क्विक रिलीज, म्हणजे अडचणीत काइट झटक्यात सोडून द्यायची कळ, भाराखाली उघडून दाखवायला सांगा, नुसतं हातात धरून नाही. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, अडकवून मागं रेलायचं आणि सोडायचं. एका हातानं, एका झटक्यात सुटलं पाहिजे. रिलीजसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे मानक आलं. त्याआधीच्या सगळ्याच बार वाईट नव्हत्या, पण घेताना मी तरी त्यानंतरचीच घेईन. तुमचा जीव रिलीजच्या त्या एका लाल भागावर असतो.

बोर्डाचं थोडक्यात: कडेला चीर, पायपट्टीच्या स्क्रूची भोकं, आणि दाबल्यावर कुठं पोकळ लागतं का, एवढं पाहा.

आणि शुक्रवार वगैरे विसरा. मी येत्या रविवारी ब्राउवर्सडॅमलाच जातेय, इथून तासाभराचा रस्ता. मी बघून येते.

---

प्रेषक: नांदेडकर, म्युनिक

ताई जातायत म्हणजे प्रश्नच मिटला. तरी पैशांबद्दल सांगतो. ‘मित्र किंवा कुटुंब’ या प्रकारानं पेपॅलवर पाठवलेल्या रकमेला खरेदीचं संरक्षण नसतं, आणि दोन-चार युरो वाचवायला विकणारे तेच सुचवतात. अनोळखी माणसाला तसं पाठवू नका. जाहिरातीतले फोटो उलट शोधून, म्हणजे फोटोच टाकून इंटरनेटवर शोधून, पाहा, दुकानाच्या साइटवर तेच निघाले तर काइट अस्तित्वातच नसते. आजची तारीख चिठ्ठीवर लिहून ती काइटवर ठेवून काढलेला फोटो मागितला की खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो.

एक विचारू का दादा? रामेश्वरमऐवजी नाथसागर जवळ नाही का?

---

प्रेषक: परभणीकर

नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं काइट उडवायची नाही. हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून पाखरं येतात तिथं. शिवाय जमिनीवरून येणारा वारा तुटक असतो, झोत येतो आणि पडतो. समुद्रावरचा सलग वारा वेगळा. मी रामेश्वरमलाच जाईन.

ताई, तुमचे उपकार कसे फेडू? शुक्रवारी पैसे पाठवणार नाही असं त्यांना कळवलं. ते म्हणाले, ठीक आहे, रविवारी या. माझं वजन ७८ किलो आहे, १२ मीटर बरोबर ना?

---

प्रेषक: अंबाजोगाईची ताई

दादा,

जाऊन आले. १५ ते २० नॉटच्या वाऱ्यात तुमच्या वजनाला १२ मीटर ठीक आहे.

माणूस साधा निघाला, वयस्कर, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे विकतोय. मी शनिवारीच फोन करून काइट रात्रभर फुगवून ठेवायला सांगितलं होतं. गेले तेव्हा लीडिंग एज दगडासारखी कडक, मधली नळी मात्र पार मऊ. त्यालाही धक्का बसला, त्याला माहीतच नव्हतं. साबणाचं पाणी लावलं, शिवणीजवळ सुईएवढं भोक सापडलं. व्हॉल्व्ह सगळे घट्ट. कापड करकरीत, साल त्यानं सांगितलं तेच, पट्टी एकच आणि ती त्यानं स्वतःहून दाखवली.

बार मात्र घेऊ नका. ती वेगळ्या कंपनीची आणि बरीच जुनी आहे. पुढच्या लाइन्स चांगल्या चार बोटं लांब भरल्या. रिलीज भाराखाली उघडायला मला दोनदा झटका द्यावा लागला. दुसऱ्यांदा सुटलं तेव्हा तोही गप्प झाला. त्यानंच बार बाजूला ठेवली, म्हणाला ही मी कुणालाच विकणार नाही.

बोर्ड चांगला आहे. बारशिवाय आणि भोकाचा खर्च धरून किंमत कमी करून घेतली, आकडा तुम्हाला वेगळा कळवते. हो म्हणालात तर पैसे मी देते आणि सामान भाच्याकडं पोचवते.

---

प्रेषक: परभणीकर

ताई, हो. आजच तुमच्या खात्यावर पाठवतो.

बार नवीच घेतो, त्याच कंपनीची, त्याच काइटला बसणारी. भाच्याला सांगितलंय, काइट पूर्ण वाळवून, वाळू झटकून, सैल घडी घालून आणायची. पंप आणू नको म्हटलं, इथं आहे. नळीच्या भोकासाठी चिकटपट्टी तेवढी त्याच्याजवळ द्याल का? इथं मिळत नाही.

वडिलांना तुमचा मेल वाचून दाखवला. लाइन्स हुकाला अडकवून ओढायचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आता जुनी ९ मीटरची काढून अंगणातल्या लिंबाला तिच्या लाइन्स बांधून बसलेत, मोजायला मला बोलावतायत.